पैसे वाढवू नका, आधी आकडे जुळवा

दादा, तुम्ही लिहिलंय की आईबाबांचा यूकेचा व्हिजिटर व्हिसा रिफ्यूज झाला, आता खात्यात अजून 3 लाख टाकून परत अप्लाय करू काय. तसं करू नका बघा. ठराविक बॅलन्स पाहिजेच असा त्यांचा नियमच नाही, पैसा आला कुठनं, तो फॉर्मशी जुळतो का आणि ट्रिपच्या खर्चाला पुरतो का हे ते बघतात, अचानक पडलेले 3 लाख उलट डोळ्यात खुपतात.

आमच्या मामांचं हेच झालेलं. फॉर्मात महिना 40,000 लिहिलं, स्टेटमेंटला पेन्शन 27,000, बाकीचं म्हणजे उसाचं बिल, ते वर्षातनं दोनदा पडणार आणि तेही मामींच्या खात्यात! जुळणार कसं? दुसऱ्या वेळी पेन्शन वेगळी, शेती वेगळी लिहिली, दोघांचं 6 महिन्यांचं स्टेटमेंट, कारखान्याच्या पावत्या, बिल जमा झालेली ओळ पिवळी केलेली, आणि एका पानाचं साधं पत्र. मिळाला.

आणि हो, आपल्याकडचा (कर्नाटकातला) जमिनीचा उतारा कन्नडमध्ये, तो तसाच अपलोड करू नका, इंग्लिश भाषांतर करून घ्या, त्यावर भाषांतर करणाऱ्याचं नाव, सही, तारीख, फोन सगळं पाहिजे.

अपील नाही ह्याला, फी परत भरायची, पण कधीही अप्लाय करता येतं. आधीचं रिफ्यूजल मात्र लपवू नका, फसवणूक ठरली तर 10 वर्षं बंदी बसू शकते. रिफ्यूजल लेटरमधला पैशाचा पॅरा नाव झाकून इथं टाका की, बघून सांगतो.