अल्पवयीन मुलाने झडतीला दिलेली संमती खरोखर संमती असते का?

कृष्णाकाठ
'खाकीत तीस वर्षे' या नावाने इथे लिहिणाऱ्या पोलीस सदस्यांनी काल लिहिले की, "मुलाने स्वतःच्या हाताने मोबाइल उघडून दिला, तर आईबापांना विचारण्याचे कारणच काय?" हे वाक्य मला स्वस्थ बसू देईना. माझा सोळा वर्षांचा भाचा क्लासहून घरी येत असताना त्याला नाकाबंदीवर अडवले, "लपवण्यासारखे काही नसेल तर दाखव" असे सांगितले आणि त्याने थरथरत फोन उघडून दिला. मेसेज वाचले, फोटो पाहिले आणि त्याला सोडून दिले. नोंद कशाचीच नाही. १८७२च्या करार कायद्याचे कलम ११ ज्याला साधा करारही करू देत नाही, त्याचे दोन वर्दीधाऱ्यांसमोरचे 'हो' संमती म्हणून कसे धरायचे? बाल न्याय अधिनियम, २०१५च्या कलम ३मध्ये तर मुलाच्या कोणत्याही हक्काचा त्याग ग्राह्य नाही, असे तत्त्वच घालून दिले आहे.

खाकीत तीस वर्षे
करार कायदा रस्त्यावर आणू नका. कलम ३ हे तो अधिनियम राबवताना पाळायचे तत्त्व आहे. नाकाबंदीवर उभा असलेला मुलगा अजून विधिसंघर्षग्रस्त बालक, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेले मूल, ठरलेला नसतो. माझ्या सेवेत एका चौदा वर्षांच्या मुलाच्या दप्तरातून गांजाच्या पुड्या निघाल्या आणि त्या देणारा माणूस वीस पावलांवर उभा होता. मुलाच्या आईला गावाहून बोलावेपर्यंत तो तिथे थांबला असता का? शिवाय झडती बेकायदा असली तरी तेवढ्यावरून पुरावा बाद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने पूरनमल खटल्यात १९७४ सालीच सांगितले आहे.

कृष्णाकाठ
पुरावा चालतो म्हणून झडती कायदेशीर ठरत नाही. या दोन गोष्टींची गल्लत तुम्ही वर्षानुवर्षे करत आला आहात. गांजाचा सबळ संशय असेल तर एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याचे कलम ४३ सार्वजनिक ठिकाणी झडतीचा अधिकार देतेच, तिथे कोणाच्या संमतीची गरज नाही. संमती मागितली जाते ती अधिकार नसतो तेव्हा. इंग्लंडमधील पोलिसांच्या आचारसंहितेत म्हणूनच, अधिकार नसेल तर प्रौढ व्यक्तीचीही केवळ तिच्या संमतीवर झडती घेऊ नये, असा नियम आहे. आपल्याकडे २०२१मध्ये हैदराबादेत वाटसरूंना थांबवून व्हॉट्सॲपवर 'गांजा' हा शब्द शोधला गेला, तोही अशाच 'संमती'ने.

दोन मुलांची आई
पालक जवळ असले की मूल सुरक्षित, हे तुम्ही कशावरून धरून चालला आहात? दुकानातील चोरीच्या संशयावरून माझ्या मुलाला चौकीत बसवले होते. त्याचे वडील आले, कोणी काही विचारायच्या आत त्यांनी त्याच्या थोबाडीत मारली, फोन टेबलावर ठेवला आणि "पासवर्ड सांग" म्हणून ओरडले. फोनमध्ये काहीही निघाले नाही. मुलगा वर्षभर वडिलांशी बोलला नाही.

खाकीत तीस वर्षे
म्हणजे आता बापानेही मुलाचा फोन बघायचा नाही? फोनचे पैसे कोण भरतो?

दोन मुलांची आई
पैसे भरल्याने मुलाच्या मनावर मालकी येत नाही. घरात आम्ही काय तपासावे, हा आमचा प्रश्न आहे. पोलिसांच्या हाती काय द्यावे, हा त्याचा हक्क होता आणि तो बापाने परस्पर देऊन टाकला.

शिरस्तेदार
ताईंचा मुद्दा कायद्याला धरून आहे. कृष्णाकाठ यांनी सांगितलेल्या तत्त्वाचा पुढचा भाग असा की, त्याग मुलाने मागितलेला असो वा त्याच्या वतीने दुसऱ्या कोणी, तो वैध नाही. एनडीपीएसच्या कलम ५० खाली अंगझडतीपूर्वी राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर नेण्याचा हक्क सांगावाच लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१०मध्ये जडेजा खटल्यात बजावले. त्यावर पंधरा वर्षांच्या मुलाने "नको, तुम्हीच घ्या" असे लिहून दिले तर माझ्या मते ते निरर्थक मानावे, शेजारी बापाची सही असली तरीही.

खाकीत तीस वर्षे
रात्री दोन वाजता राजपत्रित अधिकारी शोधून पाहा, पंच म्हणून उभे राहायला एक माणूस मिळवून पाहा, मग मला तत्त्वे सांगा. पंचनाम्यात 'मुलाच्या संमतीने' असे लिहिण्याऐवजी संशयाचे कारण लिहावे, एवढे मान्य करतो. तुमच्या भाच्याच्या बाबतीत तसे कारण दिसत नाही, हेही मान्य. त्या चौदा वर्षांच्या मुलाचे दप्तर मात्र मी आजही उघडेन.