भाऊ लडाखला, नोटीस उलव्याच्या दारावर: कर्जाची जबाबदारी एकट्या कर्जदाराचीच का?

ऐरोलीकर:

नमस्कार. प्रश्न कायद्याचा आहे, पण त्यामागे घरातला एक वाद आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

माझा धाकटा भाऊ सैन्यात नायक आहे आणि सध्या लडाखमध्ये आहे. २०२१ मध्ये त्याने उलव्याला, विमानतळ येणार म्हणून, वन बीएचके घेतला. कर्ज ४२ लाखांचे, मुदत २० वर्षांची, व्याज ६.९ टक्के आणि हप्ता सुमारे ३२,३०० रुपये. भाडेकरूचे ११,००० आणि पगारातून आपोआप वळते होणारे २२,००० एका खात्यात जमत आणि त्यातून हप्ता जाई. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो) ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला आणि त्याला बांधलेले भावाचे व्याज ९.४ टक्के झाले. त्या दराने नुसते व्याजच महिन्याला ३१,७०० च्या आसपास होऊ लागले, म्हणजे जुन्या हप्त्यातून मुद्दलाला जेमतेम सहाशे रुपये लागत होते. बँकेने हप्ता साडेअडतीस हजारांवर नेला. वरची रक्कम भाऊ फोनवरून भरत असे. पुढे भाडेकरू घर सोडून गेला, भाऊ पुढच्या चौकीवर गेला आणि खात्यात फक्त २२,००० येत राहिले. हप्ता एका महिन्यात परत जायचा, दुसऱ्या महिन्यात कसाबसा वसूल व्हायचा, आणि प्रत्येक वेळी दंडाची रक्कम वेगळी.

गेल्या आठवड्यात सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला. दारावर चिकटपट्टीने लावलेली नोटीस होती, पावसाच्या ओलीने तिचा एक कोपरा फुगला होता, आणि तारीख बारा दिवसांपूर्वीची होती. दार उघडले तर फटीतून आत सरकवलेली बँकेची तीन पाकिटे फरशीवर पडलेली. चावी माझ्याकडेच असते. पाच महिन्यांत मी एकदाही तिकडे गेलो नव्हतो.

आमचे अण्णा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यातून निवृत्त झाले. आयुष्यात त्यांनी फक्त पतपेढीचे कर्ज काढले आणि तेही मुदतीआधी फेडले. त्यांचे म्हणणे असे की सही त्याने केली, व्याज वाढू शकते हे कागदावर लिहिलेले होते, आणि गणवेश अंगावर आहे म्हणून देणे माफ होत नाही. मी त्यांना म्हणालो की बँका बुडायला लागल्या की सरकार पैसे ओतते, मग सैनिकालाच हिशेब का? त्यावर ते म्हणाले, “दुसऱ्याने उधळलं म्हणून आपण बुडवायचं?” आणि जेवण अर्ध्यावर राहिले.

मी हे बोललो त्याला कारण आहे. २००९ ते २०११ मी इथेच, ऐरोलीत, अमेरिकेतल्या गृहकर्जांच्या फायली तपासणाऱ्या एका बॅक-ऑफिसात रात्रपाळी करत होतो. तिथे ‘सर्व्हिसमेंबर्स सिव्हिल रिलीफ ॲक्ट’ नावाचा कायदा आहे. मूळ कायदा १९४० चा आणि आताचे रूप २००३ चे. सेवेत येण्यापूर्वीच्या कर्जावर सेवाकाळात ६ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही आणि अशा कर्जापोटी घर न्यायालयाच्या आदेशाशिवाय विकता येत नाही. हे संरक्षण सेवा संपल्यावर पूर्वी ९० दिवस टिकत असे, २००८ मध्ये ते नऊ महिने झाले आणि पुढे एक वर्ष. जप्तीच्या प्रत्येक फायलीत ‘कर्जदार सैन्यात आहे का?’ असा एक रकाना असे. त्यासाठी तिथल्या संरक्षण खात्याच्या संकेतस्थळावर नाव तपासावे लागे. ते संकेतस्थळ उघडले नाही किंवा जन्मतारीख नसली की आम्ही ‘नाही’ लिहून पुढे जात असू, कारण पाळीत साठ फायली संपवायच्या असत. तेव्हा त्यात काही वावगे वाटले नाही.

माझे प्रश्न दोन. आपल्याकडे सैनिकासाठी असा कायदा आहे का? आणि बँकांच्या मदतीचा माझा दाखला योग्य आहे, की मी फक्त भावाची बाजू घेतो आहे?

नौपाड्याचा निवृत्त बँकवाला:

आधी तातडीचे सांगतो, कारण बारा दिवस गेलेले आहेत.

आपण वर्णन करता त्यावरून ती सरफेसी कायदा, २००२ च्या कलम १३(२) खालची नोटीस दिसते. थकीत कर्जापोटी तारण घर ताब्यात घेण्याचा अधिकार हा कायदा बँकेला देतो. हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की खाते एनपीए, म्हणजे अनुत्पादक (थकीत), ठरते आणि मग ही नोटीस निघते. तिच्या तारखेपासून ६० दिवस मिळतात. त्या मुदतीत लेखी हरकत द्यावी. कलम १३(३अ) प्रमाणे बँकेने तिला १५ दिवसांत कारणांसह उत्तर देणे बंधनकारक आहे. हरकत तोंडी घेऊ नका, शाखेचा शिक्का मारलेली पोच घ्या. ६० दिवस उलटले की १३(४) खाली ताबा घेता येतो, आधी सांकेतिक (कागदोपत्री), आणि प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक कलम १४ खाली जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे जाते. ताब्याच्या कारवाईनंतर डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात, दाद मागायला ४५ दिवस असतात. तिथपर्यंत जाऊ देऊ नका. एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते: एनपीए झालेले खाते एखाद-दुसरा हप्ता भरून पूर्ववत होत नाही, सगळी थकबाकी भरावी लागते. म्हणून शाखेतून थकबाकीचा आकडा लेखी मागवा, आणि त्यात दंडावर पुन्हा व्याज लावलेले असेल तर त्यावर बोट ठेवा. एप्रिल २०२४ पासून दंडाची रक्कम मुद्दलात मिसळून त्यावर व्याज आकारायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे.

आता सैनिकांच्या कायद्याविषयी. आपल्याकडे ‘इंडियन सोल्जर्स (लिटिगेशन) ॲक्ट’ १९२५ पासून आहे. युद्धाच्या किंवा विशेष परिस्थितीत सेवेवर असलेल्या जवानाविरुद्धचा दिवाणी दावा त्याच्या गैरहजेरीत चालू नये, हा त्याचा हेतू. पण सरफेसीची सारी रचनाच बँकेला दिवाणी न्यायालयात जावे लागू नये यासाठी केलेली आहे. दावाच नसेल तर तहकुबी कशाची मागणार? अमेरिकन कायद्यात न्यायालयाचा आदेश ही पूर्वअट आहे, आपल्याकडे न्यायालय वगळणे हीच सोय आहे. फरक इथे आहे.

तिथल्या कायद्याचीही मर्यादा ध्यानात घ्या. तो सेवेपूर्वीच्या कर्जापुरता आहे. आपल्या भावाने नोकरीत असताना कर्ज काढले, त्यामुळे तो अमेरिकन असता तरी त्याला हे संरक्षण मिळाले नसते.

मी बारा वर्षे प्राधिकृत अधिकारी म्हणून वसुलीत काढली. घोडबंदर रोडवरच्या एका फ्लॅटचा ताबा घेताना कुलूप तोडले आणि पंचनाम्यात वस्तू लिहीत होतो: एक पलंग, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, एक काळी लोखंडी पेटी, तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा आणि नाव. तोपर्यंत कर्जदार फौजी आहे हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हते, कारण नोटिशीच्या नमुन्यात तसा रकानाच नाही. ताबा आम्ही घेतलाच. आदेश हातात होता. निदान आपल्या कंपनीच्या फायलीत तो रकाना होता.

बँकांच्या मदतीचा दाखला मात्र मला पटत नाही. बँक वाचते तेव्हा ठेवीदार वाचतो. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी या सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि पहिल्या दिवशी खात्यामागे १,००० रुपयेच काढता येतील असे सांगितले गेले, तेव्हा या भागातल्या लोकांनी शाखांबाहेर काय अनुभवले ते आठवा. हप्ता बुडवणाऱ्याची सोय आणि ठेवीदाराची सुरक्षितता एका तागडीत तोलता येत नाही.

माजी हवालदार, खारघर:

सतरा वर्षे नोकरी केली म्हणून लिहितो. अण्णांचे म्हणणे मला पटते. पलटणीत कर्जबाजारी जवानाकडे कोणी कौतुकाने पाहत नाही, आणि ते बरोबरच आहे. अमेरिकेतही कर्ज थकले की जवानाच्या गोपनीय कामाच्या परवान्यावर टाच येऊ शकते असे वाचले आहे. पैशाच्या ओझ्याखाली असलेल्या माणसाच्या हाती कुणी गुप्त कागद का द्यावा?

पण जबाबदारी घ्यायला माणूस जागेवर असावा लागतो. पुढच्या चौकीवर महिना महिना फोन लागत नाही. तिथे बँकेचा संदेश पोचत नाही आणि पोचला तरी ओटीपी येत नाही. म्हणून जाण्यापूर्वी घरातल्या एकाला मुखत्यारपत्र द्यायचे, कर्जखात्याचा मोबाइल नंबर घरचा ठेवायचा, आणि वळती रक्कम हप्त्यापेक्षा दोन हजार जास्त लावायची, ही आमची रीत होती. आपल्या भावाची चूक असेल तर ती इथे आहे. कर्ज काढण्यात नाही.

आणि राग मानू नका, चावी आपल्याकडे होती.

करायचे काम असे. युनिटला रीतसर अर्ज पाठवा, सोबत नोटिशीची प्रत जोडा. कमांडिंग ऑफिसरच्या सहीचे पत्र बँकेत गेले की शाखा व्यवस्थापक निदान खुर्ची देतो. ठाण्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, तिथेही एक प्रत द्या. ते पैसे देणार नाहीत, पण पत्रव्यवहाराला वजन येते.

सीवूडकर:

मी लेखापरीक्षणाच्या क्षेत्रात आहे. निवृत्त बँकवाल्या काकांचा कायद्याचा भाग निर्विवाद आहे, पण शेवटच्या परिच्छेदाशी मी सहमत नाही.

ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकेने आर्थिक संकटात बँकांना सावरण्यासाठी ७०० अब्ज डॉलरची तरतूद केली. त्यातून बँक ऑफ अमेरिकेला ४५ अब्ज आणि जेपी मॉर्गन चेसला २५ अब्ज मिळाले. हे दान नव्हते. सरकारने भांडवल घातले आणि दोन्ही बँकांनी २००९ मध्येच ते परत केले. म्हणजे “बँकांना फुकट दिले” हे वाक्य चुकीचे आहे, आणि ऐरोलीकरांनी अण्णांसमोर ते वापरू नये. पण नीट पाहिले तर बँकांना मिळाली ती मुदत. बाजारात कोणी पैसे लावायला तयार नसताना सरकारने लावले, आणि थोडा वेळ मिळाल्यावर त्यांनी देणे चुकते केले. उलव्याचा कर्जदार याहून वेगळे काय मागतो आहे?

आणि याच बँकांचे पुढे काय निघाले? २०११ च्या सुरुवातीला चेसने मान्य केले की सुमारे ४,००० सैनिक कुटुंबांकडून ६ टक्क्यांची मर्यादा ओलांडून जास्त व्याज घेतले गेले आणि डझनभराहून अधिक घरे चुकीने जप्त झाली. त्याच वर्षी ५.६ कोटी डॉलरची तडजोड झाली. मे २०११ मध्ये बँक ऑफ अमेरिकेच्या ताब्यातल्या कंट्रीवाइड या गृहकर्ज कंपनीने सुमारे १६० सैनिकांची घरे बेकायदा जप्त केल्याच्या प्रकरणात २ कोटी डॉलर देण्याचे कबूल केले. या सैनिकांनी कायद्याने द्यायचे ते दिले नाही म्हणून हे घडले नव्हते. कायदा पाळण्याची जबाबदारी बँकेची होती आणि ती बँकेने पाळली नाही.

भारतात २०१७ च्या ऑक्टोबरात सरकारी बँकांसाठी २.११ लाख कोटींच्या भांडवलाची घोषणा झाली. तो खड्डा बहुतांशी बड्या उद्योगांच्या थकीत कर्जांनी पाडला होता, एक बीएचकेवाल्यांनी नव्हे. ठेवीदार वाचायलाच हवा, याबद्दल वाद नाही. पण बड्या कर्जदारासाठी पुनर्रचना (हप्ते आणि मुदत नव्याने ठरवून देणे) हा शब्द असतो आणि छोट्यासाठी थकबाकीदार, हे काकांनीही शाखेत रोज पाहिलेले असणार.

नौपाड्याचा निवृत्त बँकवाला:

पाहिले आहे. नाकारत नाही. छोट्या खात्याची पुनर्रचना नियमात बसते, पण ती मागणारा माणूस खाते एनपीए होण्यापूर्वी समोर यावा लागतो, आणि मोठ्या कर्जदाराचा सनदी लेखापाल दोन तिमाही आधीच समोर आलेला असतो.

ऐरोलीकर:

सर्वांचे आभार. हरकतीचे पत्र देऊन शिक्क्याची पोच घेतली. थकबाकीचा आकडा लेखी मागितला तेव्हा तो नोटिशीतल्यापेक्षा १४,००० रुपयांनी कमी निघाला. दंडाचा काही भाग दोनदा धरला होता. व्यवस्थापक म्हणाले, “सिस्टीमने घेतला असेल.” हे वाक्य मी रात्रपाळीत स्वतः कितीदा बोललो असेन.

हवालदारसाहेब, राग मानलेला नाही. सीवूडकरांनी १६० सैनिकांचा आकडा लिहिला, तेव्हापासून मी लिहिलेले ‘नाही’ आठवतात. त्यांतले एखादे कुठे गेले हे कळायला आता मार्ग नाही.

अण्णांना भांडवल परत केल्याचे सांगितले. ते म्हणाले, “मग तुझा भाऊही परत करेल.” त्यांनी मुदतठेव मोडून थकबाकीचे पैसे दिले आहेत, पण भावाकडून महिन्याला किती घ्यायचे हे वहीत लिहूनच. मत बदललेले नाही.

आता एकच अडचण उरली आहे. भावाशी काल चार मिनिटे बोलणे झाले. मुखत्यारपत्र तो तिथून युनिटच्या अधिकाऱ्यासमोर सही करून पाठवू शकतो असे म्हणाला, पण बँक म्हणते की ते इथल्या मुद्रांकावर हवे. मुद्रांक मी इथे घेऊन कोरा मसुदा टपालाने पाठवला आणि सही होऊन परत आला तर चालते का? कोणी असे केले असल्यास कृपया सांगावे. ६० दिवसांपैकी एकतीस उरले आहेत.