स्टॉकहोममध्ये बस-कॉफीचे पैसे कसे द्यायचे?

प्रश्न: आई-बाबा कोल्हापुरातून पहिल्यांदाच स्वीडनला निघालेत. रोख क्रोना किती द्यावेत?

उत्तर १: रोख जवळजवळ नकोच, बसमध्ये घेतच नाहीत. दोघांना वेगळं व्हिसा किंवा मास्टरकार्ड द्या. बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी चालू करा. ‘टॅप’चं (कार्ड मशीनला नुसतं टेकवून पैसे द्यायचं) बटण त्यात वेगळं असतं, तेच राहून जातं आणि कार्ड नाकारलं जातं. पिन पाठ हवा. मशीननं रुपये की क्रोना विचारलं तर क्रोनाच दाबायला सांगा, रुपयांचा दर महागात पडतो.

उत्तर २: भवानी मंडपात क्यूआर स्कॅन करायची सवय असली तरी तिथं यूपीआयवर विसंबू नका. ‘स्विश’ या तिथल्या मोबाइल पेमेंट ॲपचा फलक दिसेल, पण त्याला स्वीडिश बँक खातं लागतं. बसचं एकेरी तिकीट ७५ मिनिटं चालतं.

प्रश्नकर्ता: आभारी आहे, आजच बटण बघतो.