रॉकेटची शेपटी जड झाली: फिन (शेपटीचे पंख) वाढवावेत की नाकात वजन भरावे?

प्रश्न (ऐरोली)
आमच्या महाविद्यालयीन संघाचे हे पहिलेच हाय-पॉवर रॉकेट आहे. व्यास 10 सेंमी, मोटारीसह वजन 4 किलो, मोटार ‘आय’ वर्गाची, सरासरी रेटा 240 न्यूटन. ओपनरॉकेट या संगणक आज्ञावलीत नाकाच्या टोकापासून दाबकेंद्र (हवेचा दाब जिथे एकवटतो तो बिंदू) 112 आणि गुरुत्वमध्य 98 सेंमीवर, म्हणजे 1.4 कॅलिबरचे (व्यासाच्या 1.4 पट) अंतर होते. परंतु 3 मिमीऐवजी 6 मिमीचा प्लाय वापरला आणि एपॉक्सीही सढळ हाताने लावली, त्यामुळे सुतळीने टांगल्यावर रॉकेट 103 सेंमीवर आडवे राहते. आता काय करावे?

उत्तर 1
टांगताना मोटार आत होती का? रिकामे रॉकेट नेहमीच खोटा दिलासा देते.

प्रश्नकर्ता
मोटारीच्या वजनाइतकी वाळू भरलेली नळी तिच्या जागी होती. पॅराशूटही जागच्या जागी होते.

उत्तर 1
मग अंतर 0.9 कॅलिबर उरले आहे. रॉकेट सरळ उडण्यासाठी किमान एक तरी हवेच. फिन मोठे केल्यास दाबकेंद्र मागे जाईल, पण शेपटी आणखी जड होईल आणि वाऱ्यात रॉकेट अधिक कलेल. त्यापेक्षा टोकापासून 15 सेंमीवर सुमारे 240 ग्रॅम शिसे भरावे, म्हणजे गुरुत्वमध्य पुन्हा 98 वर येईल. दिवा कोळीवाड्यात जाळ्याला लावायचे शिसे मिळाले तर उत्तमच. शिसे पक्के करायची एपॉक्सी मात्र थोडी थोडी ओतावी, कारण एकदम ओतल्यास ती इतकी तापते की प्लास्टिकचा नोज कोन (नाकाचा शंकू) वाकतो. वजन 4.24 किलो झाले तरी रेटा वजनाच्या 5.8 पट राहतो, पाचपट पुरतो.

उत्तर 2
एक भर घालतो. खाली आल्यावर उघडायचे मुख्य पॅराशूट नोज कोनमागेच असेल, तर शिखरावर छोटे पॅराशूट उघडताना बसणाऱ्या हिसक्याने हे जड नाक त्याला धरून ठेवणारे नायलॉनचे बारीक स्क्रू तोडून बाहेर पडू शकते. मग मुख्य पॅराशूट वरच उघडते आणि रॉकेट वाऱ्याबरोबर दूर वाहत जाते. म्हणून स्क्रू वाढवावेत आणि ते तोडून नाक सोडवणारी बारूदही वाढवून, नाक सुटते की नाही, हे जमिनीवरच तपासावे. मोटार व बारूद स्फोटक कायद्याखाली येतात, त्यामुळे ही चाचणी मार्गदर्शक प्राध्यापकांच्या देखरेखीखालीच करावी. वसतिगृहाच्या गच्चीवर मुळीच नको.