आपल्या वर्गात किती जण होते? : मराठवाड्यातल्या छोट्या कला महाविद्यालयांचे अनुभव

बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला मराठी ऐच्छिक घेणारे आम्ही सात जण होतो. त्यातले दोघे परीक्षेपुरते उगवत, एकीचे दिवाळीनंतर लग्न झाले आणि उरलेल्या चौघांसाठी खडू कशाला झिजवायचा, असे म्हणून सरांनी आम्हाला विभागाच्या खोलीत स्वतःच्या टेबलाभोवतीच बसवायला सुरुवात केली. लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचे हे महाविद्यालय. ज्या जिल्ह्यात बारावी विज्ञानाच्या शिकवण्यांसाठी बाहेरगावची मुले खोल्या घेऊन राहतात, तिथे बऱ्या गुणांचा मुलगा आपण होऊन कला शाखेला गेला, तर नातेवाईक आधी त्याच्या तब्येतीची चौकशी करतात. त्या चार खुर्च्यांवर मला काय मिळाले याचा हिशेब मी अजून करतो आहे. म्हणून इतरांचाही ऐकावा, असे वाटले.

आमच्यापैकी जुन्यांना १९५८ साली स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाची पदवी मिळाली. सप्टेंबर १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झाल्यावर नांदेड, लातूर आणि परभणीकडची महाविद्यालये तिकडे गेली. विद्यापीठ कोणतेही असो, प्रश्न एकच आहे: आपल्या वर्गात किती जण होते, आणि त्या संख्येने काय दिले किंवा काय हिरावले? गाव, साल आणि विषय लिहावा. तक्रार असेल तर महाविद्यालयाचे नाव टाळावे.

अंबाजोगाई, १९८६ ते १९८९, मराठी, नऊ जण

नऊ ही फार सोयीची संख्या आहे, कारण नऊ जणांना घेऊन शिक्षक केव्हाही पायी बाहेर पडू शकतो. संतकवी दासोपंत (१५५१ ते १६१५) आमच्या पाठ्यपुस्तकात एका परिच्छेदापुरते होते: सव्वा लाख ओव्यांचा गीतार्णव लिहिला, पासोडीवर (जाड कापडावर) ‘पंचीकरण’ हा ग्रंथ लिहिला, संपले. सरांनी मात्र पासोडी पाहण्याची परवानगी मिळवली. कापड उलगडण्याआधी त्यांनी आम्हाला हात पाठीमागे धरायला सांगितले आणि तिघे तिघे असे पुढे बोलावले. माझ्यासमोरच्या भागातला एकही शब्द मला धड लागला नाही. पण कागदावर ओळ सरळ राखणे आणि जाड, ओढले की सरकणाऱ्या कापडावर ती राखणे यांतला फरक तेवढ्यात समजला, आणि ‘ग्रंथरचना’ हा शब्द त्यानंतर मला पूर्वीसारखा हलका वाटला नाही.

खरी गंमत मुकुंदराजांची झाली. त्यांचा विवेकसिंधू हा ग्रंथ शके १११० मधला मानावा की नाही, आणि त्यातली अंबानगरी म्हणजे आमचे अंबाजोगाई की विदर्भातले अंभोरे, हा अभ्यासकांतला जुना वाद आहे. सरांनी त्यावर चर्चा ठेवली, तर अंभोऱ्याची बाजू घ्यायला कोणीच तयार होईना. ज्या गावात मुकुंदराजांच्या समाधीला जाऊन मुले परीक्षेचा नारळ फोडतात, तिथे ती कोण घेणार? शेवटी चिठ्ठ्या टाकल्या आणि ती माझ्या नावावर निघाली. पंधरा दिवस मी ग्रंथालयात बसून स्वतःच्या गावाविरुद्ध पुरावे गोळा केले. चर्चेत मी हरलो, पण घरी वडिलांनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला, यावरून मांडणी अगदीच वाईट नसावी. ऐंशी जणांच्या वर्गात ही चिठ्ठी माझ्यापर्यंत आली नसती.

बीड जिल्हा, २०११ ते २०१४, लोकप्रशासन, चौदा जण

आमच्याकडे ऊसतोडीत ‘एक कोयता’ म्हणजे दोन माणसे, बहुधा नवरा-बायको. वडिलांची पाठ कामातून गेली तेव्हा आई आणि मी अशी जोडी लावून मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतली, आणि दिवाळीनंतर मी कॉलेजातून नाहीसा झालो. मोठ्या वर्गात हे कोणाच्या लक्षात आले नसते. आमच्या सरांनी मात्र दुसऱ्याच आठवड्यात चौकशी केली, गावातल्या एका मुलाकडून माझा नंबर मिळवला आणि त्यानंतर दर गुरुवारी रात्री त्यांचा फोन येऊ लागला. सांगलीकडच्या कारखान्यावर येणाऱ्या पुढच्या टोळीबरोबर त्यांनी टिपणे पाठवली. ती भिजू नयेत म्हणून खताच्या रिकाम्या पिशवीत घालून वर सुतळी बांधली होती.

नोकरशाहीचे प्रकरण मी कोपीत, म्हणजे तोडणीवाल्यांच्या झोपडीत, पाचटावर बसून, मोबाइलच्या उजेडात वाचले. अधिकारी हा व्यक्तीला नव्हे तर नियमाला बांधलेला असतो, असे मॅक्स वेबर सांगतो. आणि पलीकडच्या कोपीत मुकादम कोणाच्या उचलीतून किती कापायचे हे आपल्या मर्जीने ठरवत असे. त्या उदाहरणावर मला परीक्षेत चांगले गुण मिळाले. मात्र ७५ टक्के हजेरीच्या नियमाने माझा परीक्षेचा अर्जच अडायला हवा होता. तो कोणी आणि कसा सोडवला ते मी इथे लिहिणार नाही. वेबरला ते आवडले नसते.

नाव आणि जिल्हा नको, २००८ ते २०११, अर्थशास्त्र, सहा जण

वरच्या दोन अनुभवांचा हेवा वाटला, म्हणून दुसरी बाजू लिहिते. आमचे एकमेव प्राध्यापक निवृत्त झाले आणि त्यांची जागा भरलीच गेली नाही. तासिका तत्त्वावर आलेल्या तरुणाला महिनोन्‌महिने मानधन मिळत नसे. तो बिचारा आठवड्यातून दोनदा येऊन गाईडातली उत्तरे उतरवून देई, आणि त्याला दोष द्यावा असे मला आजही वाटत नाही. दोष सहा जणांसाठी वेगळा माणूस कशाला, असे उघड म्हणणाऱ्यांचा होता. शिवाय सहा जणांच्या वर्गात अंतर्गत गुण एकाच हातात असतात. शुल्काच्या पावतीवरून मी कार्यालयात वाद घातला, आणि त्या सत्रात मला अंतर्गत परीक्षेत वर्गात सर्वांत कमी गुण पडले. गर्दीत लपता येते, हा गर्दीचा गुणही कोणीतरी मांडायला हवा.

उमरगा तालुका, १९९१ ते १९९४, राज्यशास्त्र, अकरा जण

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन असल्यामुळे आमच्यातले काही जण नुकतेच आडवे झाले होते. दोन दिवसांनी राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी म्हणून आम्हाला एका गावात नेले. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचे माळवद, अशा घरांचे काय झाले होते ते पुष्कळांनी लिहिले आहे; मी आमच्या कामापुरतेच लिहितो.

तुम्ही कला शाखेचे, तुमचे अक्षर चांगले असेल, असे म्हणून आमच्या हातात कागद दिले गेले. प्रत्येक कुटुंबाचे नाव, वाचलेली माणसे, गेलेली माणसे आणि जनावरे यांची यादी करायची होती. पहिल्याच तासाला अडचण आली, कारण त्या गावात एकाच आडनावाची आणि एकाच नावाची तीन-तीन माणसे होती, आणि घर कोणते हे सांगायला घरच उरले नव्हते. मग आमच्या वर्गातल्या त्याच परिसरातल्या एका मुलाने तोड काढली: आईचे माहेर कोणते ते विचारा. त्या रकान्यामुळे आमची यादी इतरांपेक्षा रुंद झाली आणि वरच्या साहेबांनी प्रथम नाक मुरडले. पण दुसऱ्या दिवशी धान्याचे वाटप तिच्यावरूनच झाले. कॉलेज पुन्हा सुरू झाल्यावर सरांनी ‘स्थानिक प्रशासन’ हे प्रकरण उघडले, थोडा वेळ पुस्तकाकडे पाहिले आणि तो तास तुम्हीच घ्या, असे आम्हाला सांगितले.

जालना, २००३ ते २००६, इतिहास, पाच जण

माझा अनुभव हलका आहे, तो चालवून घ्यावा. आमच्या आजोबांच्या ट्रंकेत निजामी अमलातले उर्दू कागद होते आणि घरात ते कोणालाच वाचता येत नसत. इतिहासाचे पाच आणि उर्दूचे सहा विद्यार्थी एकाच व्हरांड्यात, समोरासमोरच्या खोल्यांत बसत. सरांनी त्या विभागाच्या मॅडमना विनंती केली, आणि शनिवारी दोन्ही वर्ग एकत्र बसू लागले: ते अक्षरे लावून देत, आम्ही संदर्भ सांगत असू.

तारखा फसली सनातल्या, म्हणजे निजामी अमलातल्या महसुली वर्षातल्या असत. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन निघतो, असे मी मोठ्या ऐटीत सगळीकडे लिहून ठेवले आणि आमच्या जमिनीचा एक व्यवहार चक्क एक वर्ष मागे नेला. फसली वर्ष आजूर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होई, त्यामुळे जानेवारीपासूनच्या महिन्यांना ५९१ मिळवावे लागतात. चूक पकडण्याची युक्ती सरांनी दिली: हैदराबादची पोलीस कारवाई १३५७ फसलीत झाली, आता तुझ्या हिशेबाने तिचे साल काढ. माझ्या हिशेबाने ते १९४७ आले. सप्टेंबर १९४८ ही तारीख मराठवाड्यात शाळकरी पोराला ठाऊक असते, त्यामुळे अकरा जण एकदम हसले. २०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी जुन्या मोडी-उर्दू दप्तरांचा शोध सुरू झाला, तेव्हा त्या उर्दूच्या वर्गातल्या एका मैत्रिणीला लोक घर शोधत येऊ लागले. ती प्रत्येकाला आधी महिना विचारते.

हिंगोली जिल्हा, २०१५ ते २०१८, समाजशास्त्र, बावीस जण

आमच्या वर्गाची संख्या एसटीवर ठरायची. सकाळची गाडी आली तर बावीस, चुकली तर नऊ. विद्यार्थी पासाला एक तृतीयांशच पैसे पडत, म्हणून घरचे पाठवत तरी होते. वडापच्या जीपने जायचे म्हटले असते तर माझे शिक्षण बारावीलाच थांबले असते. परतीची गाडी सव्वाचारची, आणि त्यानंतर थेट रात्रीची मुक्कामी, जिने मुलीने यायचे नाही असा घरचा दंडक होता. त्यामुळे तीन वर्षांत मी स्नेहसंमेलनातले एकही नाटक शेवटपर्यंत पाहिले नाही. एका एकांकिकेत खून कोणी केला हे मला मैत्रिणीने दुसऱ्या दिवशी गाडीत सांगितले.

सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिराला वडिलांनी साफ नकार दिला होता. आमच्या मॅडम स्वतः घरी आल्या, ओट्यावर बसून चहा प्यायल्या, शिबिराबद्दल चकार शब्द न काढता आईशी कापसाच्या भावावर बोलल्या आणि उठताना म्हणाल्या, “दादा, तुमच्या लेकीची अंथरूण-पांघरूणं माझ्या शेजारी राहतील.” बावीस जणांच्या घरी जाणे जमते, शंभरांच्या जमले नसते. शिबिरात आम्ही शोषखड्डे खणले आणि मी आयुष्यात पहिल्यांदा रात्री नऊनंतर घराबाहेर, मैदानात, मोठ्याने हसले.

प्राध्यापक, धाराशिव जिल्हा

आता हाच हिशेब टेबलाच्या दुसऱ्या बाजूने. मे संपला की आम्ही दोघे-दोघे मोटारसायकलवर गावोगाव प्रवेश मिळवायला हिंडतो, कारण वर्गसंख्या घटली की तुकडी जाते आणि तुकडी गेली की सहकाऱ्याचा कार्यभार जातो. वर ज्या जिव्हाळ्याचे वर्णन आले आहे तो खोटा नाही. मीही तो अनुभवतो आणि मुलांना तेरच्या लामतुरे संग्रहालयात नेतो. पण संख्या कमी असण्याचे सुख विद्यार्थ्याला असते आणि धास्ती आम्हाला असते, एवढे नोंदवून ठेवावे.

परभणी जिल्हा, १९९७ ते २०००, संस्कृत, एक

सात, सहा, पाच हे आकडे वाचून मला राहवले नाही. तिसऱ्या वर्षाला संस्कृत ऐच्छिक घेणारी मी एकटीच होते. तासाला दांडी मारणे शक्य नव्हते, कारण मी गेले नाही तर वर्गच गेला नाही असे होई. ताप आला की भावाला सायकलवरून सरांकडे पाठवावे लागे, आणि सर रजेवर जाणार असले की आदल्या दिवशी ते जवळजवळ माझीच परवानगी मागत. प्रश्न विचारल्यावर ते सवयीने वर्गभर नजर फिरवत आणि मग पुन्हा माझ्याकडे येत. तेवढ्या वेळात मी उत्तर आठवून घेत असे.

वार्षिक परीक्षेला विद्यापीठाच्या सीलबंद पाकिटातून माझ्यासाठी प्रश्नपत्रिका निघाली, आणि नियमाप्रमाणे पाकीट फोडल्याची सही करायला दोन साक्षीदार लागले, म्हणून शिपाईमामांना आणि ग्रंथपालांना बोलावले गेले. विभागाचा निरोप समारंभही सरांनी रीतसर ठेवला. प्रास्ताविक त्यांनी केले, मनोगत मी व्यक्त केले आणि आभारप्रदर्शनाला दुसरे कोणी नसल्यामुळे तेही मीच केले. शिपाईमामा दारात उभे होते. चिवडा तिघांत वाटला तरी उरला आणि तो सरांनी मला वर्तमानपत्रात बांधून दिला.