बागेतले नवे कचऱ्याचे डबे (सोसायटी ग्रुप)

बी-४०२ : सकाळी चालायला उतरले तर बागेतला हिरवा डबा पुन्हा आडवा. सहा-सात माकडं, खाली आंब्याच्या कोयी, वेफर्सची पाकिटं, कुणाचा तरी डायपर. आपली मागची भिंत नॅशनल पार्कला लागून आहे हो. माकडं गेली की कुत्री येतात, आणि कुत्र्यांच्या वासावर रात्री बिबट्या येतो. मुलं संध्याकाळी तिथेच खेळतात. मला खरंच काळजी वाटते.

ए-१०१ (सेक्रेटरी) : ताई, डबे बदलायचं ठरलंच आहे. दोन कोटेशनं आलीत. १२० लिटरचे चाकांचे प्लास्टिकचे, आणि स्टीलचे खांबावर झुलणारे. स्टीलचे टिकतील असं माझं मत.

सी-६०३ : काका, झुलता डबा नको. माकड काठाला लटकलं की तो आपसूक उलटा होतो, आणि वरून उघडा, म्हणजे पावसाळ्यात पाणी साचणार. प्लास्टिकचा ढकलला की पडतो, उंदीर खालून कुरतडतात. पत्रा कुठला यापेक्षा तोंड कसं बंद होतं ते बघू या.

डी-२०४ : माझी मुलगी कॅनडात बॅन्फजवळ राहते, तिथे अस्वलांसाठीचे डबे पाहिलेत मी. कडी पत्र्याच्या टोपणाखाली असते. आपण हात आत घालून खटका दाबायचा, अस्वलाचा पंजा तिथे पोचत नाही. अमेरिकेत वेस्ट येलोस्टोनला तर आत खाणं भरून डबा खऱ्या ग्रिझ्ली अस्वलांपुढे ठेवतात. ६० मिनिटं झुंजून उघडला नाही तर पास.

सी-६०३ : काकू, परीक्षा उत्तम आहे. पण ती कडी पंजासाठी आहे. माकडाला बोटं आहेत. आपला हात जिथे जाईल तिथे त्याचा सहज जाईल, शिवाय आपण खटका कसा दाबतो ते बघून शिकेल.

बी-१०३ : मग पायाने दाबायचं पेडल?

ए-५०१ : माकडाच्या वजनाने दबू नये एवढं पेडल कडक केलं तर माझ्या गुडघ्याने ते दाबवणार नाही. मग मी पिशवी बाजूलाच ठेवणार, आणि माझ्यासारखे खूप आहेत.

सी-६०३ : म्हणूनच मला खणाचा डबा पटतो. समोर हँडल असलेला खण. बाहेर ओढला की खणाची मागची बाजू आतलं तोंड बंद करते. पिशवी ठेवायची, हँडल सोडायचं, वजनाने खण मागे जातो आणि पिशवी आत पडते. माकडाने ओढला तरी हाती रिकामा खण. फक्त खण मोठा हवा, पिझ्झाचा खोका दुमडून मावेल एवढा, नाहीतर सगळं बाहेर राहील.

डी-२०४ : मावशींचाही विचार करा. आज त्या वाकून हाताने कचरा काढतात. मागे किल्लीचं दार ठेवा, आतला डबा चाकांवर बाहेर यावा.

सी-६०३ : अगदी बरोबर. उतरतं छप्पर, तळाला पाणी गळायला भोकं, पाया जमिनीपासून चार बोटं वर. गॅल्व्हनाइज्ड पत्रा, वर पावडर कोटिंग. आणि चारही पाय काँक्रीटमध्ये अँकर बोल्टने.

बी-४०२ : डबा कितीही भक्कम असला तरी रविवारी बाहेरची गर्दी आली की दुपारीच भरतो. ओला कचरा रात्रभर बागेत राहता कामा नये. अंधार पडायच्या आत रिकामा करून कचराखोलीत कुलूपबंद व्हायला हवा. मी वॉचमनदादांशी बोलते.

ए-१०१ (सेक्रेटरी) : ठीक. दोन्ही कोटेशनं थांबवतो. रविवारी ११ वाजता फॅब्रिकेटर मापं घ्यायला येईल. आधी एकच नमुना करू, आत केळी ठेवून पंधरा दिवस बघू. पिंपळाखाली लावू या?

बी-४०२ : पिंपळाखाली नको, फांदी बरोबर डब्यावर येते. घसरगुंडीमागे कोबा पक्का आहे, बोल्ट तिथे बसतील.

ए-१०१ (सेक्रेटरी) : चालेल. घसरगुंडीमागे.