मदत हवी आहे: फ्रिजच्या आइस मेकरला पाणी जोडलंय, बर्फ धड होत नाही

पडवीवाला
मंडळी जरा लवकर सांगा. आइस मेकरवाला साइड बाय साइड फ्रिज घेतला, पाव इंची नळीने पाणी जोडून घेतलं आणि बर्फ म्हणजे नुसते पापुद्रे पडतायत, मध्ये पोकळ, कधी तेही नाही. प्लंबर म्हणतो फ्रिजच बोगस, सर्व्हिसवाला म्हणतो फ्रिज ओके आहे प्लंबिंग बघा. दापोलीकडे होमस्टे आहे आमचं, पुढच्या आठवड्यात पाहुणे येतायत. नळी काढून अर्धा इंची पाइप टाकला तर होईल का काम?

खाडीकाठ
पाणी विहिरीचं की नळाचं? टाकी किती उंच? मधे फिल्टर आहे का? काहीच लिहिलं नाहीयेत.

ठाण्याची_मावशी
स्टॅबिलायझर लावलाय का? कोकणात व्होल्टेजची बोंब असते. माझ्या नणंदेचा फ्रिज असाच गेला.

पडवीवाला
मावशी, फ्रिज मस्त गार होतोय, फ्रीझर -१८ दाखवतो. पाणी विहिरीचं, पंपाने टाकीत चढवतो. टाकी नेहमीसारखीच.

आरओवाला_भाऊ
एवढा विचार कशाला. घरात आरओ असेल तर त्याच्या नळीला टी मारा आणि तिथून फ्रिजला द्या, नळी त्याच मापाची. दहा मिनिटांचं काम. शिवाय बर्फ काचेसारखा.

खाडीकाठ
भाऊ, आपल्याकडच्या बहुतेक आरओत साठवायची टाकी साधी प्लास्टिकची असते, तिला प्रेशर नसतं. नळाखाली ग्लास धरला की पाणी येतं तेवढंच, ते फ्रिजचा व्हॉल्व्ह ढकलणार नाही. आणि @पडवीवाला, नेहमीसारखी म्हणजे काय? स्लॅबवर?

पडवीवाला
स्लॅब कुठला, घर कौलारू आहे. मागीलदारी जांभ्याच्या चौथऱ्यावर ठेवलीय, माझ्या डोक्याच्या थोडी वर. न्हाणीत धो धो पाणी येतं, उगाच टाकीच्या मागे लागू नका.

खाडीकाठ
मग तिथेच घोडं पेंड खातंय. उंचीमुळे मिळणारं प्रेशर साधारण सव्वादोन फुटाला १ पीएसआय (प्रेशर मोजायचं माप). तुमची टाकी व्हॉल्व्हपासून ६ फूट वर धरली तरी अडीच-पावणेतीन पीएसआय झालं. बहुतेक आइस मेकरना कमीत कमी २० तरी लागतं, म्हणजे टाकी ४६ फुटांवर हवी, माडाच्या शेंड्यावर बांधणार का? त्यात बहुतेक फ्रिजमधला व्हॉल्व्ह ठरावीक सेकंदच उघडतो, तेवढ्यात किती पाणी आलं हे तो बघत नाही, म्हणून साचा अर्धा भरतो आणि पापुद्रे पडतात. कमी प्रेशरला व्हॉल्व्ह घट्ट मिटतही नाही, मग थेंब थेंब ठिबकतं आणि आतली नळी गोठते. तुमचं कधी येतो कधी नाही ते यामुळेच असणार. अर्धा इंची पाइप टाकून काही होणार नाही, फ्रिजचं तोंड तेवढंच राहणार. न्हाणीत येतं ते मोठ्या पाइपामुळे.

देवबागचो
ता सगळा बरोबर पण आधी पाणी बग. बादली भरून रातभर ठेव, सकाळी तळाक तांबडो गाळ बसलो तर फिल्टराशिवाय जोडू नको. व्हॉल्वाच्या तोंडार बारीक जाळी आसता, ती भरली काय पाणी येवचा नाय. आमच्या भावोजींचा तसाच झालेला.

आरओवाला_भाऊ
म्हणूनच म्हणतोय आरओ!! गाळ नाही काही नाही.

खाडीकाठ
गाळाला साधा ५ मायक्रॉनचा फिल्टर पुरतो. मूळ प्रश्न प्रेशरचा आहे, किती वेळा सांगू.

सोलकढी_बिनबर्फाची
होमस्टेला बर्फ लागतोच कशाला? माठातल्या पाण्यात कोकम सरबत करून द्या की. सोलकढीत बर्फ टाकणारे लोक बघितले की मला घेरी येते.

पडवीवाला
पाहुणे गाडीतून उतरायच्या आधी विचारतात बर्फ आहे का. ते सरबतासाठी विचारत नसतात.

अलिबागकर७
मग हर्णै बंदरावरून लादी आणायची, स्वस्तात काम.

सोलकढी_बिनबर्फाची
माशावरची लादी ग्लासात? खायचा नसलेला बर्फ निळा करायचा नियम २०१८ पासून आहे महाराष्ट्रात, उगाच नाही.

देवबागचो
होडयेर १२ व्होल्टाचो डायफ्राम पंप आसता ना, तो लाव. प्रेशर स्विच आतच आसता, कॉक सोडलो काय चालू, बंद केलो काय बंद. लाईट गेली तरी बॅटरीवर चलता.

खाडीकाठ
हा सल्ला चांगला. ३५-४० पीएसआयला आपोआप बंद होणारा बघून घ्या. साधा आरओचा बूस्टर स्विचशिवाय लावलात तर व्हॉल्व्ह बंद झाल्यावरही पंप धडका मारत बसेल आणि जळेल. टाकी, मग फिल्टर, मग पंप, मग कॉक, मग फ्रिज. पाण्याची लाइन टोचून बसवायचा व्हॉल्व्ह मिळतो तो नको, नीट टी टाकून घ्या.

पडवीवाला
फिल्टर पंपाच्या आधी की नंतर? प्लंबर म्हणतो नंतर. आणि आवाज किती येतो, फ्रिजच्या भिंतीपलीकडे पाहुण्यांची खोली आहे.

खाडीकाठ
आधीच, नाहीतर गाळ पंपात जातो. घुर्र करतोच थोडा, पण आत ठेवताच कशाला? टाकीजवळ चौथऱ्यालाच बसवा, खाली रबर, वर पत्र्याचं झाकण. सगळं झालं की पहिले दोन-तीन डबे बर्फ टाकून द्या, नव्या नळीचा वास लागतो.

ठाण्याची_मावशी
खोलीचं भाडं काय आहे? मे महिन्यात आम्ही सातजण आहोत.